दगडात भरली शाळा!

दोस्तांनो, एक कोडं घालू का?

असा कोणता दगड आहे, जो उन्हात ठेवला तर मरतो, प्रवासाला निघताना ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळावा लागतो आणि टाकीत ठेवला की तिथलं पाणी साफ करायला लागतो?

डोकं खाजवा! हवं तर आजीला विचारा! हरलात? मग ऐका. त्याला म्हणतात लाइव्ह रॉक. जिवंत खडक!

काही जण घरी खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय ठेवतात. काचेच्या टाकीत केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचे क्लाउनफिश आणि रंगीबेरंगी प्रवाळं असतात. आपली नजर आधी माशांवरच जाते. जाणारच! पण जरा खाली बघा. तळाशी गुलाबी-जांभळ्या, भोकाभोकांच्या, ओबडधोबड दगडांचा ढीग दिसतो ना? टाकीतली सगळ्यांत मोठी गंमत तिथे लपली आहे!

दगड जिवंत कसा?

खरं सांगू? दगड स्वतः जिवंत नसतोच. जिवंत असतात ते त्याच्यात राहणारे!

शाळेची इमारत आठवा. मे महिन्यात ती नुसती विटा आणि सिमेंट. जूनमध्ये शाळा उघडली की? वर्गात मुलं, जिन्यात मुलं, व्हरांड्यात मुलं! लाइव्ह रॉक म्हणजे अशी गच्च भरलेली शाळा.

मग ही इमारत बांधली कुणी? प्रवाळांनी! प्रवाळ दिसतं झुडपासारखं, पण ते झाड नाही बरं का. ती इवल्या इवल्या प्राण्यांची वसाहत असते. त्यातले बरेचसे प्राणी तर जेमतेम काही मिलिमीटरचे! समुद्राच्या पाण्यात विरघळलेली द्रव्यं घेऊन ते चुनखडीचं टणक घर बांधतात. प्राणी मरून जातो, घर मागे राहतं. त्यावर पुढची पिढी आपलं घर बांधते. असं शेकडो, हजारो वर्षं चालतं!

मग कधीतरी वादळ येतं. जुना तुकडा मोडतो, लाटांबरोबर गडगडत जातो आणि कुठेतरी स्थिरावतो. आत नुसती भोकं, बोगदे आणि कपारी. रिकामी इमारत तयार!

आता प्रवेश सुरू. सगळ्यांत आधी येतात जिवाणू. ते इतके बारीक की डोळ्यांना दिसतच नाहीत. मग येतं शेवाळ. त्यातलं एक शेवाळ तर भलतंच वेगळं आहे. ते मऊ नाही, बुळबुळीत नाही आणि हिरवंही नाही! ते असतं गुलाबी किंवा जांभळं आणि चक्क दगडासारखं कडक. स्वतःच्या अंगात चुना साठवून ते खडकावर पातळ कवच चढवतं. सुटे तुकडे एकमेकांना चिकटवून टाकण्याचं कामही तेच करतं. या गुलाबी शेवाळाला विसरू नका हं. पुढे ते मोठी करामत करणार आहे!

त्याच्या मागोमाग स्पंज येतात, गोगलगायी येतात, किडे येतात, खेकड्यांची पिल्लं येतात. बघता बघता पटावर जागा उरत नाही!

कल्ल्यांतून शू!

आता ओळखा पाहू, मासे शू कुठून करतात?

हसू नका! शरीरात तयार होणारा अमोनिया नावाचा विषारी पदार्थ माशांना बाहेर टाकावाच लागतो. आणि बहुतेक मासे तो मुख्यतः कल्ल्यांतून टाकतात! म्हणजे ज्या कल्ल्यांनी श्वास घ्यायचा, त्याच कल्ल्यांनी घाणही बाहेर सोडायची.

समुद्र अफाट आहे. तिथे अमोनिया कुठल्या कुठे पांगून जातो. पण टाकीत? तिथे तो साठत जातो आणि माशांच्याच जिवावर उठतो.

इथे आपली दगडातली शाळा धावून येते. अगदी शब्दशः धावून! कारण जिवाणूंची चालते रिले शर्यत. तुमच्या क्रीडादिनाला असते ना, तशीच.

पहिला गट अमोनिया घेतो आणि त्याचं नायट्राइट करून पुढच्याच्या हातात देतो. नायट्राइटही विषारीच. दुसरा गट त्याचं नायट्रेट करतो. हे बरंच सौम्य असतं. हे दोन्ही गट दगडाच्या बाहेरच्या बाजूला राहतात, कारण त्यांना ऑक्सिजन लागतो.

आणि तिसरा गट? तो बसलेला असतो दगडाच्या पार आत, खोल खोल बोगद्यांत. तिथे ऑक्सिजन पोहोचतच नाही. आपण तिथे गुदमरून जाऊ, पण या पठ्ठ्यांना नेमकी तीच जागा हवी असते! ते नायट्रेट फोडतात आणि त्यातून नायट्रोजन वायू मोकळा करतात. तो पाण्यातून वर येऊन हवेत निघून जातो. शर्यत संपली!

हा कुठला नायट्रोजन माहीत आहे? आत्ता या क्षणी तुमच्या नाकात जाणाऱ्या हवेत ७८ टक्के तोच तर आहे!

हे सगळं एका दगडात, दिवसरात्र, सुट्टी न घेता चालू असतं. इंडोनेशियातल्या जकार्ता शहरात ली चिन एंग नावाचे मत्स्यालयप्रेमी होते. त्यांनी टाक्यांमध्ये समुद्रातले असे जिवंत खडक ठेवले, हवेचे थोडे बुडबुडे सोडले, भरपूर उजेड दिला आणि बाकीचं काम निसर्गावर सोपवलं. १९६१ साली त्यांनी यावर लेख लिहिला. पाणी गाळायला मोठाली यंत्रं नाहीत, तरी मासे मजेत! वाचणारे थक्कच झाले.

रात्रशाळेत डोकावू या

अशी टाकी कुणाच्या घरी असेल, तर रात्री दिवे घालवल्यावर तासाभराने तिच्यासमोर बसा. टॉर्चवर लाल जिलेटीन कागद लावा. लाल उजेड टाकीतल्या बऱ्याच प्राण्यांना फारसा जाणवत नाही, म्हणून ते आपले उद्योग थांबवत नाहीत.

आता एकाच दगडाकडे टक लावून बघा. दिवसा रिकाम्या वाटलेल्या त्या भोकातून सुतळीएवढा बारीक हात बाहेर येतो. त्यावर बारीक बारीक काटे. हात वळवळतो, चाचपतो, अन्नाचा कण पकडतो आणि झटकन आत! हा ब्रिटल स्टार, तारामाशाचा नातेवाईक. त्याचा बाकीचा देह आत कपारीत सुखरूप असतो.

शेजारी एक नळी दिसते. तिच्या टोकावर पिसांचा गोल तुरा उमलला आहे. फूल वाटतं ना? फूल नाही, किडा आहे! तुऱ्याने तो पाण्यातलं अन्न गाळून घेतो. तुमची सावली पडायचा अवकाश, तुरा गप्पकन नळीत गडप!

आणि हे काय? टक्! टक्! दगडातून आवाज येतोय! कदाचित आत पिस्टल श्रिम्प असेल. ही एवढीशी कोळंबी आपली मोठी नांगी इतक्या वेगाने मिटते की पाण्यात बुडबुडा तयार होऊन फुटतो. त्याच्या दणक्याने छोटं भक्ष्य गारद होतं!

कधीकधी मात्र भलताच पाहुणा निघतो. इंग्लंडमधल्या न्यूक्वे गावात ब्लू रीफ ॲक्वेरियम नावाचं मोठं मत्स्यालय आहे. तिथे एका टाकीतली प्रवाळं कुणीतरी कुरतडत होतं, मासे जखमी होत होते. चोर काही सापडेना! शेवटी २००९ साली तिथल्या लोकांनी टाकीतला एकेक दगड बाहेर काढला. आणि आत काय निघालं? मीटरभराहूनही लांब किडा! बाळ असताना तो बहुधा प्रवाळाच्या तुकड्यात लपून आला आणि आतल्या आत वाढत राहिला. त्याचं नाव ठेवलं बॅरी. मग त्याला स्वतंत्र टाकी मिळाली. एकट्याची!

मग समुद्रातून आणायचा का?

इतका गुणी दगड म्हटल्यावर तो सगळ्यांना हवासा वाटणारच. पूर्वी लोक तो सरळ समुद्रातून उचलायचे. फिजी बेटांवर ओहोटीच्या वेळी लोखंडी पहारीने खडक फोडून काढायचे. अमेरिकेतल्या फ्लोरिडात पाणबुडे बुडी मारून गोळा करायचे. पेट्या भरभरून विमानाने परदेशी रवाना!

पण थांबा. जरा हिशेब करा. मोठ्या गोल प्रवाळांच्या कितीतरी जाती वर्षाला जेमतेम एखादा सेंटिमीटर वाढतात. म्हणजे तुम्ही पहिलीतून दहावीत जाल, तोवर त्यांची उंची वीतभरही वाढणार नाही! आणि पहारीने फोडायला वेळ किती? दोन मिनिटं!

शिवाय तो दगड म्हणजे कुणाची तरी शाळा, कुणाचं तरी घर. समुद्राच्या एकूण तळापैकी एक टक्क्याहूनही कमी जागेत प्रवाळखडक आहेत. पण समुद्रातल्या सगळ्या जातींपैकी जवळजवळ पाव जाती आयुष्यात कधी ना कधी तिथे आसरा घेतात. एवढ्याशा जागेत एवढी वस्ती! तिथली इमारतच उचलून नेली, तर त्यांनी जायचं कुठे?

फ्लोरिडाने १९८९ साली आपल्या किनाऱ्याजवळच्या पाण्यातून असे खडक उचलायला बंदी केली. पुढे किनाऱ्यापासून दूरच्या पाण्यातली तोडही १९९७ पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद झाली.

मग खडक विकून पोट भरणाऱ्यांनी काय करायचं? त्यांनी काढली झकास युक्ती. दगडांची शेती!

हो, शेती! जमिनीवरच्या खाणीतून चुनखडक आणायचा. परवानगी घेऊन समुद्राच्या तळाचा एक तुकडा भाड्याने घ्यायचा. बोटीतून जाऊन तिथे दगड रचायचे. आणि मग? मग वाट बघायची!

पेरायचं काहीच नाही. पेरणी समुद्र करतो! पाण्यात कोट्यवधी सूक्ष्म पिल्लं आणि बीजं तरंगत असतात. सगळ्यांनाच बूड टेकायला जागा हवी असते. कोरा दगड दिसला की धडाधड प्रवेश! आधी जिवाणूंचा थर, मग हिरवट साय, मग गुलाबी ठिपके, मग केशरी स्पंज. एक-दोन वर्षांत पांढरा दगड ओळखूसुद्धा येत नाही.

आता एक अडचण. शेतातला दगड आणि समुद्राचा मूळ दगड शेजारी शेजारी. कुणी लबाडी केली तर? म्हणून सरकारने नियम केला, की शेतीसाठी टाकलेला दगड मूळ दगडापेक्षा वेगळा ओळखू आला पाहिजे. दगडाचा प्रकार तरी वेगळा हवा, नाहीतर त्यावर खूण तरी हवी. दगडांनासुद्धा ओळखपत्र!

आणि आणखी एक गंमत. फ्लोरिडाच्या खाणींतला चुनखडक मुळात तयार झाला तोच समुद्रात! तिथली की लार्गोसारखी बेटं तर सुमारे सव्वा लाख वर्षांपूर्वीच्या प्रवाळखडकाचीच बनली आहेत. विंडली की नावाच्या बेटावर जुनी खाण आहे. तिच्या कापलेल्या भिंतीवर त्या काळच्या प्रवाळांची नक्षी आजही स्पष्ट दिसते. म्हणजे दगडांचा शेतकरी समुद्राचं देणं समुद्रालाच परत देत होता म्हणायचं!

न बोलावलेले पाहुणे

आता माझी सगळ्यांत लाडकी गोष्ट सांगतो.

फ्लोरिडात की लार्गोजवळ केन नेडिमायर अशीच दगडांची शेती करायचे. १९९०च्या दशकात एक दिवस त्यांना आपल्या दगडांवर काहीतरी उगवलेलं दिसलं. स्टॅगहॉर्न प्रवाळ! सांबराच्या शिंगांसारख्या फांद्या फुटणारं. रोगराईने आणि इतर संकटांनी हे प्रवाळ त्या भागातून जवळजवळ नाहीसं झालं होतं. आणि इथे ते आपणहून येऊन बसलं होतं!

कुणी आणलं? कुणीच नाही! ऑगस्टमधल्या पौर्णिमेनंतरच्या काही रात्री ही प्रवाळं पाण्यात आपली बीजं सोडतात. त्यांतून पिल्लं तयार होतात, टाचणीच्या डोक्याहूनही लहान. ती पाण्यात भटकत घर शोधतात. आणि घर निवडताना काय हुंगतात, सांगा? ते गुलाबी शेवाळ! त्या शेवाळातून आणि त्यावरच्या जिवाणूंतून काही रसायनं पाझरतात. पिल्लांना ती कळतात. ‘इथे राहा, जागा चांगली आहे’ असं आमंत्रणच ते! बघा, म्हटलं नव्हतं मी, त्याला विसरू नका म्हणून?

स्टॅगहॉर्न समुद्रातून तोडायला सक्त मनाई होती. पण हे तर नेडिमायर यांच्या स्वतःच्या दगडावर उगवलं होतं! त्यांच्या शाळकरी मुलीने त्यावर प्रकल्प केला. प्रवाळाची फांदी कापून लावली तर नवं रोप वाढतं का? वाढलं की! आपल्याकडे जास्वंदाची फांदी लावतात, तसंच.

मग बापलेकीचा उत्साह आवरेना. मोलॅसेस रीफ नावाच्या प्रवाळखडकावर १९८४ साली वेलवूड नावाचं जहाज आदळलं होतं आणि खडकाचा चुराडा झाला होता. परवानगी काढून त्यांनी सुरुवातीची रोपं तिथेच लावली. २००७ साली नेडिमायर यांनी कोरल रिस्टोरेशन फाउंडेशन ही संस्था काढली. समुद्रात प्लास्टिकच्या नळ्यांची झाडं उभी राहिली. त्यांच्या फांद्यांना दोऱ्याने प्रवाळाचे तुकडे लटकायला लागले. आजवर या संस्थेने लाखाहून जास्त प्रवाळं समुद्रात लावली आहेत!

पण वाट सोपी नाही, दोस्तांनो. २०२३च्या उन्हाळ्यात फ्लोरिडाचं समुद्राचं पाणी भयंकर तापलं. लावलेली असंख्य प्रवाळं पांढरी पडली, मेली. तेव्हा काय केलं असेल? पाणबुड्यांनी हजारो प्रवाळं घाईघाईने वर काढली आणि जमिनीवरच्या टाक्यांत आणून ठेवली. खारं पाणी कसं सांभाळायचं, उजेड किती द्यायचा, अमोनिया कसा मोजायचा, ही टाकी सांभाळायची विद्याच तेव्हा प्रवाळांच्या कामी आली!

आणि आपल्याकडे?

आपल्याकडेही प्रवाळं आहेत! मालवणच्या समुद्रात आहेत. एवढंच काय, गजबजलेल्या मुंबईतही आहेत. २०२० साली कोस्टल रोडच्या कामात वरळी आणि हाजी अलीजवळची प्रवाळं आड आली, तेव्हा रीतसर परवानगी घेऊन ती दुसरीकडे हलवावी लागली.

परवानगी कशाला? कारण २००१ पासून सगळी खडक बांधणारी प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. या यादीत आणखी कोण आहे माहीत आहे? साक्षात वाघ! म्हणून किनाऱ्यावर प्रवाळाचा तुकडा दिसला, तर बघा, चित्र काढा, फोटो काढा आणि तिथेच ठेवा. घरी आणायचा नाही.

मग घरी खाऱ्या पाण्याची टाकी करायचीच झाली तर? सोपं आहे! खाणीतला कोरडा चुनखडक किंवा माणसाने बनवलेला सच्छिद्र दगड वापरायचा. तो टाकीत रचायचा आणि कुणाच्या तरी जुन्या, चांगल्या चाललेल्या टाकीतला छोटासा तुकडा मागून आणून शेजारी ठेवायचा. आई कोमट दुधात चमचाभर विरजण घालते आणि सकाळी पातेलंभर दही होतं ना? अगदी तसंच! त्या तुकड्यावरचे जिवाणू सगळ्या टाकीत पसरतात. फक्त दही एका रात्रीत लागतं, इथे काही आठवडे धीर धरावा लागतो. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की मगच मासे आणायचे. गुलाबी शेवाळ तर आणखी काही महिन्यांनी दिसायला लागतं. पहिला गुलाबी ठिपका दिसला की घरभर आरडाओरडा करायला हरकत नाही!

आणि घरी टाकी नसली तरी एक काम तुम्हाला आजच करता येईल. खाऱ्या पाण्याचे मासे विकणाऱ्या दुकानात गेलात, तर थेट विचारा, ‘काका, हा दगड कुठून आला?’

‘खाणीतला आहे’ म्हणाले, ‘कारखान्यात बनवलेला आहे’ म्हणाले, तर उत्तम! ‘समुद्रातून फोडून आणला’ म्हणाले, तर तो घ्यायचा नाही. आणि का घ्यायचा नाही, तेही त्यांना सांगायचं. कल्ल्यांतून शू करणाऱ्या माशांची, जिवाणूंच्या रिलेची आणि नेडिमायर बापलेकीची गोष्ट आता तुम्हाला येतेच. रंगवून सांगा! चार मुलांनी विचारलं, की पुढच्या वेळी माल मागवताना काकाही तोच प्रश्न विचारतील!